घरी कळलं तर? : तुमची पत्रं, ताईची उत्तरं

ह्या महिन्यात आपल्या बडोद्याच्या युनिव्हर्सिटीतल्या मुलामुलींची पत्रं जास्त आलीत आणि बहुतेक सगळ्यांत एकच भीती आहे, काउन्सेलरकडे गेलो आणि घरी कळलं तर. तीन पत्रं घेतेय. पहिलं फार तातडीचं आहे म्हणून ते आधी.

हॉस्टेलमधला एक मुलगा, प्रतापगंज
ताई, माझा रूममेट बरेच दिवस वेगळाच वागतोय. मेसला येत नाही, लेक्चरला नाही. परवा त्याचे नवे हेडफोन मला देऊन टाकले आणि म्हणाला मी नसलो तरी माझ्या आईला अधूनमधून फोन करत जा. कुणाला सांगू नकोस म्हणून आईची शपथ घातलीय. काय करू?

शपथ मोड. आजच मोड. आवडती वस्तू देऊन टाकणं आणि "मी नसलो तर" असं बोलणं, ही दोन्ही लक्षणं गंभीर आहेत, ती मनावर घ्यायलाच हवीत. आधी त्याच्याजवळ बस आणि सरळ विचार, तुझ्या मनात मरायचा विचार येतोय का. असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो असं लोकांना वाटतं पण तसं होत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, वॉर्डनला उठवायचं मग रात्रीचे दोन वाजलेले असू देत, आणि रिक्षाने सयाजी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्यायचं, ते चोवीस तास उघडं असतं. ॲम्ब्युलन्स हवी असेल तर १०८. काय बोलावं सुचत नसेल तर १४४१६ लाव, ही सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, फुकट, आणि मित्राबद्दल विचारायलाही तिथे फोन करता येतो. त्याच्यावर पोलीस केस होईल अशी भीती असेल तर ती पण काढून टाक, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ असं धरूनच चालतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणात होता, त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे. तो तुझ्यावर चिडेल, कदाचित बरेच दिवस बोलणार नाही. चालेल. आणि तू पण हे एकट्याने वाहू नकोस, स्वतःसाठी पण कुणाशी तरी बोल.

एस.वाय.ची विद्यार्थिनी, दांडिया बाजार
ताई, दिवाळीपासून मला झोप नाही, पुस्तक उघडलं की रडू येतं, दोन विषयात एटीकेटी लागलीय. काउन्सेलरकडे जायचंय पण आमच्या पोळात, म्हणजे गल्लीत, सगळे एकमेकांना ओळखतात, आत्याची मैत्रीण युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात आहे. घरी कळलं तर बाबा म्हणतील आता कारेलीबागला मेंटल हॉस्पिटलातच ठेवायचं बाकी आहे. मार्कशीटवर किंवा पुढे नोकरीला काही येतं का?

मार्कशीटवर काहीही येत नाही गं, पहिलं ते डोक्यातून काढ. आणि तू अठरा पूर्ण आहेस, त्यामुळे त्याच २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ प्रमाणे तुझ्या आजाराची आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवणं ही उपचार करणाऱ्यांची जबाबदारी आहे, आईवडील किंवा विभागप्रमुख आले म्हणून ती देता येत नाही. अपवाद मोजके आहेत, मुख्य म्हणजे तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर. म्हणून पहिल्या भेटीत बसल्या बसल्या विचारायचं, मी बोलेन ते कुणाला सांगता, कधी सांगता, फाइल कुठे ठेवता. चांगला काउन्सेलर ह्या प्रश्नाने चिडत नाही, स्वतःच समजावून सांगतो. जो टाळाटाळ करेल त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नकोस.

एक फरक मात्र लक्षात ठेव. युजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१५ मध्ये सांगितलेलं की २५ मुलांमागे एक शिक्षक काउन्सेलर असावा, पालकासारखं लक्ष ठेवणारा. ते सर किंवा मॅडम कितीही प्रेमळ असले तरी ते शिक्षक आहेत आणि घरी कळवणं हा त्यांच्या कामाचाच भाग धरलाय, त्यामुळे त्यांना "बरं नाहीये, परीक्षेचं बघायचंय" एवढं पुरे, बाकीचं सगळं शिकलेल्या काउन्सेलरसमोर. आणि आमच्याकडे काउन्सेलरच नाही असं कुणी म्हणालं तर सांग की जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेला किमान एक काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर ठेवायला सांगितलंय.

पहिल्या भेटीत काय होतं ते पण सांगते कारण माहीत नसलं की जास्त भीती वाटते. साधारण पाऊण तास. एक फॉर्म, मग झोप किती वाजता लागते, मधे जाग येते का, जेवण, पाळी, आधी कधी असं झालेलं का, घरात कुणाला आहे का, मरणाचे विचार येतात का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, त्याने दचकू नकोस. रडू आलं तर रड, तिथे टिश्यूचा डबा त्यासाठीच ठेवलेला असतो. आणि भाषेचं म्हणशील तर घरी मराठी, मैत्रिणींत गुजराती, वर्गात इंग्लिश अशी तू बडोद्याची मुलगी, ज्या भाषेत आईशी भांडतेस त्या भाषेत बोल, उगाच इंग्लिशमध्ये जुळवत बसू नकोस. १४४१६ वर मराठी पण निवडता येते, आणि जायची हिंमत होत नसेल तर सुरुवात गच्चीवरून फोनने केली तरी चालेल. एकदा फॅमिली डॉक्टरकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी १२ पण करून घे, ते बिघडले तरी असंच गळल्यासारखं वाटतं.

कारेलीबागचं म्हणशील तर ते सरकारी मानसिक रुग्णालय आहे आणि तिथे रोज कितीतरी माणसं ओपीडीत दाखवून, गोळ्या घेऊन घरी जातात. बाबांच्या पिढीने ते नाव फक्त टोमणा म्हणून ऐकलंय, मला ह्याचं फार वाईट वाटतं, कारण ह्या टोमण्याला भिऊन मुलं वर्ष वर्ष काढतात. तुला तिथेच जायला हवं असं नाही, सयाजीत पण मानसोपचार विभाग आहे. पण जावं लागलं तर त्यात काही कमीपणा नाही.

एक आई, मांजलपूर
मुलगा इंजिनिअरिंगला आहे. सायकियाट्रिस्टने डिप्रेशनच्या गोळ्या दिल्यात, दहा दिवस झाले, काही फरक नाही. जाऊबाई म्हणतात सवय लागते, बंद कर.

बंद करू नका. ह्या गोळ्यांचा फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त, आणि दारूसारखं व्यसन त्यांचं लागत नाही, फक्त एकदम तोडल्या तर चक्कर, बेचैनी असा त्रास होतो म्हणून डॉक्टर हळूहळू कमी करतात. झोपेच्या किंवा घबराटीच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते हे खरं, म्हणून कुठली गोळी कशासाठी ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. अजून एक, पंचविशीच्या आतल्या मुलांत सुरुवातीच्या आठवड्यांत क्वचित अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढतात, तेव्हा तो रात्रभर येरझाऱ्या घालतोय, खूप चिडतोय असं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आणि जाऊबाईंना ह्यातलं किती सांगायचं ते मुलाला विचारून ठरवा. तो नको म्हणाला तर तब्येत दाखवली, औषध चालू आहे, एवढंच सांगा आणि विषय बदला.