शाळा विकास आराखडा: मागणी नेमकी कुठे अडकते?

प्रश्न: आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या आराखड्यात दरवर्षी दोन वर्गखोल्या मागतो. दरवर्षी ‘आवश्यकता दिसून येत नाही’ असा शेरा येतो. मुलं तर व्हरांड्यात बसतात. चुकतंय कुठे? (एक सहशिक्षिका)

उत्तर: आराखड्याआधी यू-डायस, म्हणजे शाळांच्या माहितीची सरकारी नोंदप्रणाली, उघडून बघा. खोली गळकी असो की भिंत फुगलेली, नोंदीत ती ‘सुस्थितीत’ असेल तर कागदावर तुमच्याकडे खोल्या पुरेशा आहेत. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेचा वार्षिक आराखडा शाळा, केंद्र (जवळच्या शाळांचा गट), तालुका, जिल्हा, राज्य असा चढत शेवटी केंद्र सरकारच्या प्रकल्प मान्यता मंडळापुढे जातो. तिथे तुमचा अर्ज कोणी वाचत नाही, आकडे वाचतात. गेल्या वर्षीची माहिती तशीच पुढे ढकलायची सवय इथे नडते.

म्हणून आधी प्रत्येक खोलीची स्थिती खरी भरा: चांगली, किरकोळ दुरुस्ती किंवा मोठी दुरुस्ती. खोली वापरण्याजोगीच नसेल तर निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून रद्द करण्याचा, प्रस्ताव लावा. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, फोटो आणि बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याचा पाहणी अहवाल लागतो. प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेकडे जातो. तो मंजूर होईपर्यंत पडकी खोलीही ‘उपलब्ध’ म्हणून मोजली जाण्याची भीती असते.

ठरावात ‘वर्गखोल्या मिळाव्यात’ एवढंच लिहू नका. ‘खोली क्र. ३, पत्र्याचं छत, मागची भिंत जोत्यापासून तडकलेली, तिसरी-चौथीची २६ मुलं जूनपासून व्हरांड्यात’ असं लिहिलं की पाहणीला येणाऱ्याला नेमकं काय तपासायचं ते कळतं.

प्रश्न: तीन वर्षांचा पट अंदाजे लिहायचा म्हणजे काय करायचं? आम्ही दरवर्षी दहा टक्के वाढ धरतो.

उत्तर: ती सवय सोडा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे आराखडा समितीने करायचा असतो. तो तीन वर्षांचा असतो आणि त्यात तीन वार्षिक उपआराखडे येतात. इयत्तावार पट, लागणारे जादा शिक्षक, भौतिक सुविधा आणि वाढीव खर्च हे सगळं त्यात असतं. पट चुकला की पुढचं सारं गणित चुकतं.

आजचा प्रत्येक वर्ग एक पायरी वर सरकवा. पहिलीसाठी अंगणवाडीच्या नोंदवहीतून ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारी मुलं काढा. ती सगळी आपल्याकडे येतील असं धरू नका. गेल्या तीन वर्षांत दहातली सात आली असतील आणि यंदा यादीत २० असतील, तर १४ लिहा.

शिक्षकांचं म्हणाल तर कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत आणि ६१ पासून तीन. पद मात्र संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकपदं मंजूर करण्याच्या) चालू निकषांवरच मिळतं, तेव्हा त्या वर्षीचा शासन निर्णय सोबत ठेवूनच आकडा लिहा.

ऊसतोडीच्या पट्ट्यात आणखी एक पेच आहे. पटाची नोंद ३० सप्टेंबरची आणि ऊसतोड मजुरांच्या टोळ्या मुलांसह निघतात त्यानंतर, बहुधा दिवाळीच्या आसपास. कागदावर वर्ग भरलेला, जानेवारीत अर्धा रिकामा. अशा मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाची मागणी त्यामुळे पटावरून सिद्ध होत नाही. आई-वडील बाहेर गेल्यावर कोणतं मूल कोणाकडे राहील, अशी नावानिशी यादी पालकांच्या सहीने जोडा.

प्रश्न: मी समितीचा अध्यक्ष आहे, पालक म्हणून. सभेत इतिवृत्त लिहून तयार असतं, आम्ही फक्त सह्या करतो. मुख्याध्यापक माणूस चांगला आहे, पण मागण्या पूर्ण होत नाहीत.

उत्तर: सहीआधी इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. यात मुख्याध्यापकांचा अपमान नाही. ते सचिव आहेत, अध्यक्ष तुम्ही आहात. समितीत तीनचतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात, हे त्यांनाही ठाऊक असतं.

सभा शेतातून माणसं परतल्यावर ठेवा आणि खुर्च्यांवर बसण्याआधी सगळ्यांनी आवारात एक फेरी मारा. नळ मोजा. स्वच्छतागृहाचं प्रत्येक दार उघडून आतली कडी लागते का, पाणी येतं का, हे पाहा. मुलींच्या स्वच्छतागृहाची पाहणी महिला सदस्यांनीच करावी. सभेत गप्प बसणाऱ्या बायका तिथे नेमकं बोलतात, ते जसंच्या तसं इतिवृत्तात घ्या.

मग प्रत्येक मागणीला खिसा शोधा, कारण सगळंच समग्र शिक्षाकडे मागितलं की सगळंच लटकतं. खडू, किरकोळ दुरुस्ती, विजेचं बिल हे संमिश्र शाळा अनुदानातून भागवायचं. समग्र शिक्षाच्या चौकटीत ३० पर्यंत पटाला १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार रुपये अशी मर्यादा आहे आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. एवढ्यात खोली होत नाही, हे उघडच आहे.

पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह ग्रामपंचायतीकडे मागा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के वाटा बंधित ठेवला होता, तो पाणी आणि स्वच्छतेसाठीच. पण काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात नसेल तर पैसे असूनही खर्च करता येत नाहीत. आराखड्याच्या ग्रामसभा ऑक्टोबरपासून सुरू होतात. तुमचा ठराव मार्चमध्ये पोहोचला तर वर्ष गेलंच. तो सप्टेंबरमध्येच करून घ्या, अंदाजपत्रक जोडा आणि महिला सभेतही विषय मांडायला लावा.

ग्रामपंचायतीत आणि गटशिक्षण कार्यालयात प्रत दिली की दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पुढच्या सभेचा पहिला विषय त्याच क्रमांकाचा पाठपुरावा ठेवा.