आयर्न आधी अंगाला बसवून घे

गोल्फच्या आयर्नचा, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याच्या काठ्यांचा, नवा सेट घेतलास, छान झालं. पण खारघरच्या गोल्फ कोर्सवर उतरण्याआधी लाय अँगल, म्हणजे काठीची दांडी जमिनीशी करते तो कोन, तपासून घेच. उंचीवरून अंदाज बांधू नकोस. मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोज. तेही सुरुवातीपुरतंच, कारण खरं काय ते फटक्यातच कळतं.

बॉलवर मार्करने जाड रेघ ओढ. रेघ उभी, क्लबच्या (काठीच्या) बाजूला येईल अशी ठेव आणि सात नंबरच्या आयर्नने मार. फेसवर, म्हणजे बॉलला लागणाऱ्या सपाट बाजूवर, उमटलेली रेघ खाचांना काटकोनात हवी. रेघेचं वरचं टोक ‘टो’कडे, म्हणजे दांडीपासून लांबच्या बाजूकडे, झुकलं तर क्लब जास्त उभा आहे, उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल डावीकडे जातो. हीलकडे, म्हणजे दांडीजवळच्या बाजूकडे, झुकलं तर उलटं. एकाच फटक्यावर विश्वास ठेवू नकोस, पाच-सहा मारून बघ.

कोन चुकत असेल तर हेड वाकवून घेता येतं. फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं) कार्बन स्टील असेल तर एक-दोन अंश सहज वाकवता येतं. कास्ट (साच्यात ओतलेलं) हेड मात्र जाणकाराकडेच दे, तडकू शकतं. लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) कमी केलास की बाउन्सही (क्लबच्या तळाचा, तो जमिनीत रुतू न देणारा कोन) तेवढाच घटतो आणि पावसाळ्यातल्या भुसभुशीत जमिनीत क्लब रुततो, म्हणून लॉफ्टच्या नादी आत्ताच लागू नकोस.

आणि आपल्याकडची खारी हवा! क्रोमचा मुलामा नसलेल्या फोर्ज्ड हेडवर गंज लवकर चढतो. खेळून आलास की कोरड्या फडक्याने पूस, तेलाचा हलका हात फिरव.