‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ या कादंबरीत इस्लामचा अपमान खरोखरच आहे का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: सलमान रश्दी यांच्या कादंबरीत आक्षेपार्ह म्हणावे असे नेमके काय आहे, आणि विरोध करणाऱ्यांनी ती वाचली होती का. नोकरीनिमित्त परदेशात असताना तेथील सार्वजनिक ग्रंथालयातून घेऊन मी ती वाचली, त्या वाचनाच्या आधारे लिहितो.

पाचशेहून अधिक पानांच्या या कादंबरीचा बराच मोठा भाग इस्लामविषयी नाहीच. तो मुंबई सोडून लंडनला गेलेल्या माणसांविषयी आहे. हिंदी सिनेमांत देवादिकांच्या भूमिका करून गाजलेला जिब्रील फरिश्ता आणि विलायतेत आवाज देण्याची कामे करणारा सलादीन चमचा, हे दोघे स्फोट झालेल्या विमानातून खाली पडूनही जिवंत राहतात. वादातली प्रकरणे म्हणजे श्रद्धा गमावून बसलेल्या आणि हळूहळू मनाचा तोल जात चाललेल्या या जिब्रीलला पडणारी स्वप्ने आहेत. त्यांत जाहिलिया नावाच्या नगरीतला एक प्रेषित तीन देवींना क्षणभर मान्यता देतो आणि मग ती वचने सैतानाची होती असे म्हणून मागे घेतो. हा प्रसंग रश्दींनी मनाने रचलेला नाही. तबरींसारख्या जुन्या मुस्लिम इतिहासकारांनी तशी कथा नोंदवलेली आहे, मात्र पुढील काळातल्या बहुतेक विद्वानांनी ती अग्राह्य ठरवली. त्या प्रेषिताला कादंबरीत दिलेले ‘महाउंड’ हे नाव मध्ययुगीन ख्रिस्ती लेखक मुहम्मद पैगंबरांसाठी हेटाळणीने वापरत असत. शिवीच आपली म्हणून मिरवावी, असा त्यामागचा विचार कादंबरीतच सांगितलेला आहे.

खरी जखम मात्र दुसरीकडे आहे. जाहिलियातल्या एका कुंटणखान्यातील बारा स्त्रिया धंदा वाढावा म्हणून प्रेषिताच्या पत्नींची नावे घेतात. मुस्लिम समाज ज्यांना ‘मोमिनांच्या माता’ मानतो त्यांची नावे अशा ठिकाणी वाचताना श्रद्धावंत वाचकाला काय वाटेल, हे समजण्यासाठी स्वतः मुस्लिम असण्याची गरज नाही. ‘हे तर वेड्याचे स्वप्न आहे’ एवढ्या खुलाशाने त्याची समजूत निघणार नाही, आणि ती का निघावी, असेही मला वाटते. पण दुखावले जाणे वेगळे आणि इतरांच्या हातून पुस्तक काढून घेणे वेगळे.

आता वाचनाविषयी. कादंबरी २६ सप्टेंबर १९८८ रोजी ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाली आणि अवघ्या नऊ दिवसांनी, ५ ऑक्टोबरला, राजीव गांधी सरकारने सीमाशुल्क कायद्याखाली तिच्या आयातीला बंदी घातली. बंदीसाठी आघाडीवर असलेले खासदार सय्यद शहाबुद्दीन यांनी आपण ती वाचलेली नाही आणि वाचणारही नाही, असे उघडपणे लिहिले होते. अर्थमंत्रालयाने तर बंदीमुळे पुस्तकाचे साहित्यिक मोल कमी होत नाही, अशी पुस्ती जोडली. या चांगल्या अभिप्रायाबद्दल रश्दींनी उपरोधाने आभार मानले. निवडणूक वर्षावर आली होती, हे लक्षात घेतले की या घाईचा उलगडा होतो.

पुढे १४ फेब्रुवारी १९८९ रोजी इराणच्या आयातुल्ला खोमेनी यांनी मृत्युदंडाचा फतवा काढला. त्यानंतर दहा दिवसांनी, लेखकाच्या जन्मगावी म्हणजे मुंबईत, निदर्शकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात १२ माणसे मरण पावली. ज्या पुस्तकाची प्रत शहरातल्या कोणत्याही दुकानात मिळत नव्हती, त्याच्यासाठी ही माणसे गेली. या प्रकरणाच्या चर्चेत फतव्याचा उल्लेख नेहमी होतो, यांचा क्वचितच. जपानी अनुवादक हितोशी इगाराशी यांची १९९१ मध्ये हत्या झाली. २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात रश्दींवर चाकूहल्ला करणाऱ्या तरुणाने नंतर एका वृत्तपत्राला सांगितले की, आपण या कादंबरीची दोनेक पानेच वाचली आहेत.

भारतातल्या बंदीचा शेवटही विलक्षणच म्हणायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात बंदीची मूळ अधिसूचना कोणत्याही खात्याला सादर करता आली नाही, तेव्हा ती अस्तित्वातच नाही असे न्यायालयाने गृहीत धरले, आणि पुस्तक दिल्लीतल्या दुकानात दिसू लागले.

आपल्याला स्वतः पडताळून पाहायचे असेल, तर वादाचा मजकूर मुख्यतः दुसऱ्या आणि सहाव्या भागात आहे. तरीही पहिला भाग गाळू नये, कारण ही स्वप्ने कोणाला पडत आहेत ते तेथेच कळते.