डिजिटल मीडिया शिकून पुढे काय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुलगी यंदा हायर सेकंडरी आर्ट्समधून पास झाली, मार्क चांगले आहेत. तिला डिजिटल मीडियाच करायचंय. तिचे बाबा म्हणतात, मोबाईल चालवायला कोण डिग्री घेतं का, त्यापेक्षा पुढे बीएड होईल असं काहीतरी घे. आणि शहरातला एक क्लासवाला म्हणतो सहा महिन्यांत सगळं शिकवतो, तीन वर्षं कशाला घालवता. माझं डोकं फिरायची वेळ आलीय. - एक आई, डिचोली (गोवा)

उत्तर: ताई, क्लासवाला खोटं बोलत नाहीये, पण तो जे शिकवणार ते सॉफ्टवेअर. कटिंग, थंबनेल, पोस्ट कधी टाकायची, जाहिरातीला पैसे कुठे लावायचे वगैरे. ते सहा महिन्यांत येतं, हुशार मुलं तर यूट्यूब बघून फुकटात शिकतात, आणि दोन वर्षांनी ते ॲपच बदललेलं असतं. डिग्रीत वेगळं काय असतं ते एका उदाहरणाने सांगते, म्हणजे बाबांनाही पटेल.

पावसाळ्यात आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ हमखास येतो, रस्त्यावर कमरेएवढं पाणी, गाड्या वाहतायत, खाली 'आत्ताचा साखळी बाजार, काळजी घ्या'. साखळीत वाळवंटी नदीला पूर येतो हे खरंच आहे त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही, आपण लगेच पुढे ढकलतो. पत्रकारितेच्या वर्गात हाच व्हिडिओ घेऊन बसवतात. त्यातली एक फ्रेम काढ, रिव्हर्स इमेज सर्चला टाक, आधी कधी कुठे आलाय का बघ. नाही सापडलं तर दुकानांच्या पाट्या वाच, मल्याळममध्ये असतील तर विषयच संपला. गाड्यांचे नंबर गोव्याचे जीए आहेत की केरळचे केएल. मग मॅपवर तो चौक शोध, आणि शेवटी नगरपालिकेत नाहीतर तिथल्या एखाद्या दुकानदाराला सरळ फोन लाव आणि विचार की बाबा आत्ता पाणी आहे का. ही सवय अंगात मुरायला तीन वर्षं जातात हो, सहा महिने नाही. शिवाय माहिती अधिकार कसा वापरायचा, बदनामीचा दावा कधी होऊ शकतो, प्रेक्षक कोण आहे हे कसं ओळखायचं, मुलाखतीत समोरचा गप्प बसला तर काय करायचं, हेही सगळं त्यातच येतं. कॅमेरा, साउंड, वेबसाइट असतातच.

आता व्यवहाराचं. कोर्सच्या नावात 'डिजिटल' शब्द शोधत बसू नका, आपल्याकडे तो मास कम्युनिकेशन, जर्नलिझम, मल्टिमीडिया असल्या नावांखाली सापडेल. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीचा साचा बदललाय, तीन वर्षांची १२० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप) साधी पदवी, चौथं वर्ष केलं तर १६० क्रेडिटची ऑनर्स. मध्येच सोडावं लागलं तरी पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दुसऱ्यानंतर डिप्लोमा मिळायची सोय आहे (त्यासाठी सुट्टीतला ४ क्रेडिटचा व्होकेशनल कोर्स करावा लागतो, हे आधी कोणी सांगत नाही), म्हणजे सगळंच पाण्यात जात नाही.

ॲडमिशनच्या आधी मुलीला घेऊन कॉलेजात जा आणि गेल्या वर्षीच्या मुलांनी केलेलं काम दाखवा म्हणा, फिल्म, पॉडकास्ट, छापलेला अंक, काहीही. दाखवायला काही नसेल तर तिथनंच परत फिरा. कॅमेरे किती आहेत, शनिवार-रविवारी मुलांना घरी न्यायला मिळतात की कपाटात कुलपात असतात, शिकवणाऱ्यांत कोणी प्रत्यक्ष पेपरात नाहीतर चॅनलवर काम केलेलं आहे का, इंटर्नशिप कॉलेज लावून देतं की तुमची तुम्ही शोधायची, एवढं विचारलंत की निम्मं चित्र कळतं. चकचकीत स्टुडिओला भुलू नका, मला तर त्याच्या खुर्च्यांवरचं प्लास्टिक तसंच असलं की संशय येतो.

नोकरीचं खरं सांगायचं तर गोव्यात पहिला पगार बेताचाच. हॉटेलं आणि रिअल इस्टेटवाल्यांची सोशल मीडियाची कामं बरीच, पेपरांच्या डिजिटल डेस्कवर जागा कमी. पण एक गोष्ट आपल्याला आयती मिळालीय, २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात होतो, कॉलेजात असताना तिथे व्हॉलंटियर नाहीतर इंटर्न म्हणून घुसायचा प्रयत्न तिने करायलाच हवा, देशभरातली कामाची माणसं पणजीत एका जागी भेटतात. बीएडचं म्हणाल तर पदवीनंतरही तो रस्ता बंद होत नाही, फक्त शाळेत शिकवायचा विषय पदवीला असावा लागतो, तेव्हा जोडीला कुठला विषय घ्यायचा ते आधीच विचारून घ्या.

प्रश्न: मी पेडण्याचा, मराठी घेऊन बीए करतोय. दशावतारी नाटकांच्या रील्सचं माझं पेज आहे, फॉलोअर्स बरे आहेत, आता एक हॉटेल पैसे देऊन रील कर म्हणतंय. मला अजून वेगळी मीडियाची डिग्री लागेल का? आणि मांडवात शूट केलं की व्हिडिओत काळे पट्टे वर-खाली हलतात ते कसे घालवायचे?

उत्तर: पट्ट्यांचं आधी, कारण ते सोपं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मांडवातली ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते, डोळ्याला ते दिसत नाही पण तुझा मोबाईल बहुतेक सेकंदाला ३० फ्रेमवर लावलेला असणार आणि शटर १/६० सेकंदावर जाऊन बसत असणार, तिथे ताळ चुकतो. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये जाऊन २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेव, पट्टे गेलेच म्हणून समज. आणि आवाज मोबाईलच्या माइकवर घेऊ नकोस रे, पेटी-मृदंगाखाली संवाद चिरडतात. स्पीकरवाल्याशी दोस्ती कर आणि त्याच्या मिक्सरमधून थेट आवाजाची लाइन घे.

आता जरा कडू. दशावतारी कलाकाराला विचारल्याशिवाय शूट करतोस का? कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्या कलाकाराचा स्वतःचा हक्क वेगळा मानलाय. रात्रभर नाचणाऱ्या माणसाच्या जिवावर तुझं पेज वाढतंय, तर मंडळाच्या मालकाची आणि कलाकारांची लेखी परवानगी घे, खाली त्यांची नावं टाक, हॉटेलच्या रीलमध्ये ते दिसणार असतील तर त्यांचा वाटाही ठरव. हॉटेलचे पैसे घेतलेस तर ती जाहिरात आहे हे रीलवर स्पष्ट दिसलं पाहिजे, जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय संस्थेने २०२१ मध्येच इन्फ्लुएन्सर लोकांसाठी तसे नियम केलेत. हॅशटॅगच्या गर्दीत शेवटी लपवलेलं चालत नाही.

डिग्री? बीए अर्धी टाकू नकोस. मराठी चांगलं असणं हे तुझं भांडवल आहे, एडिटिंग येणारी पोरं ढीगभर मिळतात पण तीस सेकंदाची स्क्रिप्ट सरळ मराठीत लिहिणारा शोधावा लागतो. बीए झाली की पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट (विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग) बघ, किंवा आयआयएमसी या केंद्र सरकारच्या पत्रकारिता संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा पीजी डिप्लोमा आहे. प्रवेशाच्या मुलाखतीत हे पेजच तुझ्या कामी येईल, पण फॉलोअर्सचा आकडा सांगत बसू नकोस, एखाद्या जुन्या कलाकाराची नीट मुलाखत घेऊन ठेव आणि ती दाखव.

प्रश्न: मास कॉमला ॲडमिशन झाली, लॅपटॉप कुठला घेऊ? - फोंडा

उत्तर: अजून घेऊच नकोस. पहिल्या सेमिस्टरला लिहिण्याचंच काम जास्त असतं, कॉलेजच्या लॅबवर भागतं. पुढे घेशील तेव्हा रॅम १६ जीबी बघ, वर एसएसडी, आणि एडिटिंगला डाविंची रिझॉल्वची फुकट आवृत्ती पुरते. वाचलेल्या पैशांतून एक बरा कॉलर माइक घे.