बागेतल्या पक्ष्यांची वार्षिक यादी

प्रश्न : बागेतून दिसलेल्या पक्ष्यांची वर्षभराची यादी करतोय. वरून उडत गेलेली घार धरावी का? आणि नुसता आवाज ऐकला तर?

उत्तर : घार जरूर धरा. तुम्ही बागेत असलात की पुरे, पक्षी कुठंही असो. आवाजावरून ओळखलेल्या पक्ष्यापुढे ‘आ’ लिहा. कोतवाल पक्षी शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, त्यामुळे अशी नोंद पुन्हा तपासावी लागते. वटवट्यासारख्या चिमुकल्या पक्ष्याचं नाव घाईनं लिहू नका. आधी भुवईची रेघ, पायांचा रंग, शेपटीची हालचाल टिपा.

१ जानेवारीपासून प्रत्येक जातीची पहिली तारीख लिहा. महिन्याभरात नवे पक्षी कमी होतात आणि वही मागे पडते. म्हणून रोज सकाळी ठरल्या वेळी १५ मिनिटं बसा, काही दिसलं नाही तरी तारीख घाला. पाहुणे पक्षी कधी परतले, हे त्या रिकाम्या नोंदींवरूनच कळतं.