तळघराचे काम आणि रोजचा स्वयंपाक

न्यू जर्सीतील घराचे तळघर आपण प्रथमच राहण्याजोगे करून घेत आहात, म्हणून सुरुवातीस लागणाऱ्या तीनच गोष्टी सांगतो. रंग, दिवे आणि मोठ्या पडद्याचा टीव्ही यांचे नंतर पाहता येईल.

१. आधी ओल तपासावी. काँक्रीटच्या जमिनीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून किमान २४ तास तसाच ठेवावा आणि त्याखाली पाणी जमलेले किंवा काँक्रीट काळवंडलेले दिसल्यास, ओलीचे कारण सापडेपर्यंत गालिचाचे नावही काढू नये. आम्ही ही घाई केली आणि कुबट वासाने कंटाळून अखेर गालिचा उचलून टाकला.

२. टाउनशिपचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, बांधकाम परवाना घ्यावा आणि वायरिंगची तपासणी होण्यापूर्वी भिंती झाकू नयेत, अन्यथा त्या पुन्हा उघडाव्या लागतात.

३. जिन्याच्या दाराला प्लास्टिकचा पडदा लावावा, कारण धूळ थेट ओट्यापर्यंत येते. या काळात चारीठाव स्वयंपाकाचा हट्ट नको. रविवारी भाज्या चिरून ठेवाव्यात, कुकरमध्ये मुगाची खिचडी लावावी आणि मिस्त्री उशिरा गेले, तर पिठले-भात करावा. मुले कुरकुर करतील, पण जेवतील.