शाळेत चिमण्यांसाठी पेट्या लावल्या, वर्ष झालं तरी एकही पक्षी आला नाही. काय चुकत असेल?

सर, तुम्ही लिहिलंय की शाळेच्या भिंतीवर गेल्या वर्षी चार लाकडी पेट्या टांगल्या, एकीतही चिमणी शिरली नाही, आणि आता नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात पोरांकडून आणखी पंचवीस करून घ्यायच्या आहेत. मी वर्धा जिल्ह्यातला शेतकरी. नऊ वर्षांपासून घरी, गोठ्यावर आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झाडांना पेट्या लावतो आहे. माझं पहिलं सांगणं हेच की पंचवीस करू नका. सहाच करा, पण जागा शोधून लावा.

त्याआधी पोरांना आठ दिवस नुसतं बघायला लावा. चिमणी काडी तोंडात धरून कुठे जाते? कवेलूची घरं गेली, स्लॅब आले, वळचण उरली नाही. आमच्याकडे ती विजेच्या मीटरमागे, पंख्याच्या वाटीत आणि विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरच्या डब्यात घुसायची. म्हणजे जागा तिनं निवडलेलीच होती, फक्त ती जीवघेणी होती. मी पेटी तिथून दोन हातांवर लावली आणि स्टार्टरच्या डब्याची फट बुजवली. पंधरा दिवसांत जोडी पेटीत आली. चिमण्यांना शेजार लागतो, म्हणून दोन-तीन पेट्या चार-पाच फुटांच्या अंतरानं एकाच भिंतीवर लावल्या तरी चालतं.

दुसरी गोष्ट उन्हाची, आणि आपल्या भागात हीच सगळ्यात मोठी. पहिल्या वर्षी मी तेलाचा पत्र्याचा पिपा कापून त्याची पेटी केली आणि घराच्या मावळतीच्या भिंतीला ठोकली. जोडी आली, अंडी घातली, पिलं निघाली. एप्रिलच्या शेवटी एका दुपारी पिलं भोकाशी येऊन चोची उघडून धापा टाकताना दिसली. दुपारी शिडी लावली तर घाबरून बाहेर पडतील, म्हणून थांबलो. संध्याकाळी पिपा उतरवला. पत्र्याला तेव्हाही हात लावता येत नव्हता. आत चार पिलं होती, चारही भोकाकडे मान करून मेलेली. त्यानंतर पत्रा कधी वापरला नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. तुमच्या चार पेट्या कोणत्या भिंतीवर आहेत ते आधी बघा. तोंड उगवतीला किंवा उत्तरेला हवं, वर छज्जा किंवा कडुलिंबाची सावली हवी. पावसाची झड पण मावळतीकडून येते, त्यामुळे तोंड उगवतीला किंवा उत्तरेला ठेवलं की ऊन आणि पाऊस दोन्ही टळतात.

लाकूड पाऊण इंच जाडीचं घ्या. सागवानच पाहिजे असं नाही, सुताराकडे उरलेल्या आंब्याच्या, कडुलिंबाच्या फळ्या चालतात. साधं प्लायवूड एका पावसाळ्यात फुगतं. तळ आतून पाच बाय पाच इंच, उंची नऊ-दहा इंच. भोक तळापासून सहा इंचांवर आणि सव्वा इंच रुंदीचं, म्हणजे साधारण 32 मिलिमीटर. यातून चिमणी जाते, साळुंकी जात नाही. भोक दीड-दोन इंचांचं केलं असेल तर तिथेच घोळ असू शकतो. छपराखाली दोन्ही बाजूंना हवेसाठी बारीक फटी आणि तळाला चार छिद्रं ठेवा. आतल्या बाजूला रंधा मारू नका, उलट भोकाखालच्या फळीवर करवतीनं आडव्या रेघा ओढा. पिलाला त्यांवर नखं रोवून वर चढता येतं. आतून रंगही नको. बाजारच्या पेटीला भोकाखाली दांडी असते, ती काढून टाका. चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याला मात्र बसायला जागा मिळते. पेटी आठ-दहा फुटांवर, मांजराला चढायला पाइप किंवा फांदी नसेल अशी.

बाकी पक्ष्यांचं थोडक्यात. दयाळाला दोन इंचांचं भोक लागतं, पण नर आपल्या हद्दीत दुसऱ्याला टिकू देत नाही, म्हणून एका वावरात एकच पेटी. पिंगळ्याला, म्हणजे लहान घुबडाला, तीन इंचांचं भोक आणि मोठी पेटी हवी. आमच्या आंब्यावर ती लावली तेव्हा शेजारी म्हणाले, घुबड घराजवळ नको, अपशकुन होतो. मी त्यांना आंब्याखाली पडलेल्या त्याच्या उलटीच्या गोळ्या फोडून दाखवल्या. आत उंदरांची हाडं आणि किड्यांची टरफलं होती. मग कुणी काही बोललं नाही. बुलबुल, होला, शिंपी, सुगरण मात्र पेटीत कधीच येत नाहीत. त्यांच्यासाठी बोरी-बाभळीचं काटेरी कुंपण राहू द्या.

आणि कृपा करून शिवारातलं वठलेलं झाड सरपणासाठी तोडू देऊ नका. सुतार पक्षी त्यात ढोल्या कोरतो आणि त्याच्या मागून पोपट, पिंगळा, दसऱ्याला आपण ज्याचं दर्शन घेतो तो निळकंठ, असे किती तरी जण जुन्या ढोल्यांमध्ये राहतात. शंभरावर वर्षं कुणाला न दिसलेला आणि 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला रानपिंगळा आपल्या मेळघाटातही आहे, तोही ढोलीतच अंडी घालतो. आपली पेटी ही त्या ढोलीची उसनवारी आहे.

चिमणी दाणे खाते, पण पिलांना पहिले काही दिवस अळ्या आणि किडेच लागतात. आमच्या पेटीतली मादी समोरच्या तुरीतून हिरवी अळी आणायची, एका सकाळी मी बावीस खेपा मोजल्या. अंडी उबायला बारा-तेरा दिवस आणि पिलं उडायला साधारण पंधरा. त्या महिन्यात शाळेला लागून असलेल्या वावरात फवारणी टळली तर फार बरं. शेतकऱ्याशी तुम्हीच बोला, सरांचा शब्द गावात चालतो.

5 नोव्हेंबरला अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा आणि 12 तारखेला पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींचा जन्मदिवस, त्या आठवड्यात पेट्या लावायच्या हे तुमचं ठरलंय ते उत्तमच. फेब्रुवारीत जोड्या जागा शोधू लागतात, तोवर नव्या लाकडाचा वास जातो. एकदा अंडी झाली की झाकण उघडायचं नाही, हे पोरांना बजावून सांगा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्याच्या घरट्याला, अंड्यांना त्रास देणं हीसुद्धा शिकार धरली आहे.

पिलं उडाली की मात्र पेटी उतरवून जुनं सगळं काढा आणि दोन दिवस कडक उन्हात ठेवा, म्हणजे पिसवा मरतात. मागच्या खेपेला माझ्या पेटीत कुंदा गवताच्या काड्या, कोंबडीची पिसं, कापसाचा पुंजका आणि खताच्या पोत्याचा निळा नायलॉन दोरा निघाला. तो दोरा एका पिलाच्या पायाला तीन वेढे गुंडाळला होता आणि ते पिलू आतच वाळून गेलं होतं. पेट्या ठोकण्याआधी पोरांना मैदानावरचे आणि कुंपणाकडेचे असले दोरे वेचायला लावा.